आधी निकाल की आधी लोकमत? अमेरिकेतल्या विवाह समानतेच्या लढ्यात संघटनांची आपसातली रस्सीखेच

रानजाई

नमस्कार मंडळी. समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या सुप्रियो चक्रवर्ती खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या विरोधात लागला, आणि तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो : कोर्टात जायची घाई झाली का? हा प्रश्न विचारणाऱ्यांत विरोधकांपेक्षा आपलीच माणसं जास्त आहेत. अमेरिकेतल्या संघटना नेमक्या याच प्रश्नावरून वीस-पंचवीस वर्षं एकमेकींशी भांडल्या. शेवट गोड झाल्यामुळे ते भांडण मागे पडलं. पण आपल्या उपयोगाचं जे काही आहे ते त्या भांडणातच आहे, असं मला फार वाटतं. मी कायदा शिकवते आणि या विषयावर विद्यार्थ्यांशी दर वर्षी वाद होतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२७ मे २००९ पासून सुरुवात करू. त्याआधी वर्षभरात कॅलिफोर्नियात काय झालं होतं ते थोडक्यात : मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सुमारे १८,००० जोडप्यांनी लग्नं केली. मग ४ नोव्हेंबरला, ज्या मतदानात ओबामा निवडून आले त्याच मतदानात, तिथल्या ५२ टक्के मतदारांनी प्रपोझिशन ८ (विवाह फक्त स्त्री-पुरुषांतच, असा प्रस्ताव) मंजूर करून राज्यघटनाच बदलली. झालेली लग्नं टिकली, नवी बंद. २६ मे २००९ रोजी राज्याच्या न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

दुसऱ्याच दिवशी टेड ओल्सन आणि डेव्हिड बॉईस हे दोन नामांकित वकील पत्रकारांसमोर आले. २००० सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून झालेल्या बुश विरुद्ध गोर खटल्यात हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे होते. आता दोघे मिळून प्रपोझिशन ८ ला फेडरल कोर्टात आव्हान देणार होते. त्यांच्यामागे होती चॅड ग्रिफिन यांनी नव्याने उभी केलेली संस्था, अमेरिकन फाउंडेशन फॉर इक्वल राइट्स. पैसा होता, वलय होतं, दोन जोडपी वादी म्हणून तयार होती. हाच तो पेरी खटला.

आणि त्याच सुमारास जुन्या संघटनांनी मिळून पत्रक काढलं की असे खटले करू नका, आधी जमीन तयार करा. नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू, समलिंगींच्या हक्कांचे खटले लढणाऱ्या लॅम्डा लीगल, नॅशनल सेंटर फॉर लेस्बियन राइट्स, बोस्टनची ग्लाड, सगळे त्यात होते. म्हणजे ज्यांनी आयुष्यं या कामात घातली तेच सांगत होते की थांबा.

हे भित्रेपण नव्हतं. १९८६ मध्ये बॉवर्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा उचलून धरला होता. ते पुसायला २००३ उजाडलं. मधली सतरा वर्षं त्या एका निकालाचा आधार घेऊन लोकांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांचे ताबे गेले. वकिलांच्या त्या पिढीने हे स्वतःच्या अशिलांच्या बाबतीत पाहिलं होतं.

शिवाय त्यांच्याकडे ठरलेली योजना होती. २००४ मध्ये तेरा राज्यांनी समलिंगी विवाहाविरुद्ध घटनादुरुस्त्या केल्या, त्यातल्या अकरा एकाच दिवशी. एवढा मार खाल्ल्यावर २००५ मध्ये या संघटनांचे लोक जर्सी सिटीत बसले आणि एक हिशेब मांडला. पंधरा-वीस वर्षांत दहा राज्यांत विवाह, दहा राज्यांत विवाहासारखी मान्यता, दहा राज्यांत निदान काही हक्क, आणि उरलेल्या वीसांत लोकांचं मन थोडं तरी वळवायचं. एवढं झालं की मग देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जायचं. न्यायाधीश देशाच्या फार पुढे धावत नाहीत, हे त्यामागचं गृहीतक.

ओल्सन-बॉईस यांनी हा सगळा हिशेब बाजूला सारला. जुन्या संघटनांनी मग खटल्यात सहभागी होण्यासाठी अर्ज केला, तर ग्रिफिन यांच्या गोटाने त्यालाच विरोध केला! तुम्ही बाहेरून खटल्याला नावं ठेवलीत, आता आत येऊन सुकाणू धरू नका, असा त्यांचा पवित्रा. न्यायाधीश वॉकर यांनी सॅन फ्रान्सिस्को शहराला आत घेतलं, संघटनांना नाही.

बरोबर कोण ठरलं? खटल्याची साक्षीपुराव्यांसह सुनावणी जानेवारी २०१० मध्ये झाली आणि ऑगस्टमध्ये जोडपी जिंकली. पण सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१३ रोजी मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. अपील करणाऱ्यांना अपिलाचा अधिकारच नाही म्हणून प्रकरण संपवलं. फळ मिळालं ते फक्त कॅलिफोर्नियाला. त्याच दिवशी लागलेल्या विंडसर निकालाने देशभराची दारं उघडली, आणि तो खटला एका वृद्ध विधवेच्या वारसाकराचा होता : जोडीदारीण गेल्यावर ३,६३,०५३ डॉलर कर भरावा लागला, कारण केंद्राच्या १९९६ च्या कायद्याने त्यांचं लग्न लग्न धरलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट सांगते. पेरी खटला टिकला तो जुन्या संघटना राज्याराज्यांत राबत होत्या म्हणून. २०१३ पर्यंत जी राज्यं जिंकली गेली ती नसती, तर तोच खटला बॉवर्ससारखा उलटला असता. आणि मला खटकतं ते हे : हरलो असतो तर किंमत पन्नासही राज्यांतल्या जोडप्यांनी मोजली असती, निर्णय मात्र ज्यांच्याकडे वकील आणि पैसा होता त्यांनी घेतला. तुम्हाला काय वाटतं?

प्रशांत_७२

उत्तम धागा. जर्सी सिटीच्या बैठकीबद्दल प्रथमच वाचतोय.

किनारा

मी २००८ साली सॅन होजेला होते. प्रपोझिशन ८ च्या विरोधात फोन करायला मीही जात होते, त्यामुळे आतून पाहिलेलं लिहिते.

आमच्या हातात छापील संवाद असायचा. त्यात 'हे अन्यायकारक आहे, चुकीचं आहे' असं म्हणायचं, भेदभाव नको म्हणायचं. पण ज्यांच्या लग्नाबद्दल मतदान होतं त्या माणसांचा उल्लेख शक्यतो टाळायचा. टीव्हीवरच्या आपल्या बाजूच्या जाहिरातींतही दोन बायका किंवा दोन पुरुष जोडपं म्हणून जवळजवळ दिसतच नसत. सल्लागारांचं म्हणणं, काठावरचे मतदार बिथरतील. तिकडे समोरच्यांची जाहिरात अशी : शाळेतून आलेली लहान मुलगी आईला सांगते की आज शिकवलं, राजकुमार राजकुमाराशी लग्न करू शकतो आणि मी राजकन्येशी. त्या जाहिरातीला आमच्या संवादात उत्तरच नव्हतं. एका गुजराती आजींनी मला फोनवर विचारलं, 'पण बेटा, शाळेत काय शिकवणार?' आणि माझ्यापुढचा कागद कोरा होता.

हरल्यावर जे झालं ते मला जास्त लागलं. मतदानानंतरच्या पाहणीत सत्तर टक्के कृष्णवर्णीय मतदारांनी प्रपोझिशन ८ ला पाठिंबा दिल्याचं आलं, आणि आपल्यातले लोक लगेच त्यांच्यावर घसरले. पुढच्या अभ्यासात तो आकडा ५८ टक्क्यांच्या आसपास निघाला. पण तोवर जे बोलायचं नव्हतं ते बोलून झालं होतं. त्या समाजातले समलिंगी लोक कुठल्या बाजूला उभे राहणार होते? प्रचाराच्या वेळी त्यांच्या चर्चमध्ये, वस्त्यांमध्ये किती जण गेले होते? आणि हे विरोधकांनी बरोबर हेरलं. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेजची अंतर्गत कागदपत्रं २०१२ मध्ये मेन राज्यातल्या एका खटल्यामुळे बाहेर आली. त्यात चक्क लिहिलं होतं की समलिंगी आणि कृष्णवर्णीय या डेमोक्रॅटिक पक्षाच्या दोन गटांमध्ये पाचर मारायची हे आमचं धोरण आहे.

रानजाई, तुम्ही वकिलांचं भांडण छान मांडलंत. पण मला वाटतं खरा धडा लोकमताची आघाडी सांभाळणाऱ्या संघटनांनी घेतला. लॉस एंजेलिसच्या एलजीबीटी सेंटरचे स्वयंसेवक जिथे आपण हरलो त्याच मोहल्ल्यांत दारोदार गेले आणि विचारलं, तुम्ही विरोधात मत का दिलंत? वाद घालायचा नाही, ऐकायचं, मग स्वतःची गोष्ट सांगायची. मेनमध्ये २००९ साली विधिमंडळाने केलेला कायदा लोकांनी मतदानाने रद्द केला. तिथल्या संघटनांनी तीन वर्षं हेच घरोघरचं काम केलं आणि २०१२ मध्ये स्वतःहून तोच प्रश्न मतदानाला नेऊन साधारण तेवढ्याच फरकाने जिंकला. भाषाही बदलली. आधी हक्क, कर, विमा, सवलती यांची यादी असायची. नंतर साधं : तुम्ही लग्न का केलंत? आम्हालाही त्याचसाठी करायचं आहे.

अवधूत_के

रानजाई, 'थांबा' हा सल्ला ज्यांना दिला जातो त्यांच्याकडूनही बघा ना. मी आणि माझा जोडीदार ठाण्यात एकत्र राहतो. मागच्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं, आणि काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'घरचं कुणी नाही का?' त्याच्या भावाला साताऱ्याहून बोलावून सही घेतली. भाऊ वर्षानुवर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. अशा माणसाला दहा-दहा-दहा-वीसची योजना सांगणार?

इतिहासातही हेच दिसतं. हवाईतल्या तीन जोडप्यांनी १९९० मध्ये लायसन्स मागितलं तेव्हा मोठ्या संघटनांनी त्यांचा खटला घ्यायला नकार दिला होता. डॅन फोली नावाच्या स्थानिक वकिलाने तो चालवला आणि १९९३ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नकाराचं समर्थन सरकारला करून दाखवावं लागेल. सगळ्या चळवळीला हे शक्य आहे असं पहिल्यांदा वाटलं ते त्या निकालाने. संघटनांचं ऐकून ती जोडपी घरी गेली असती तर?

रानजाई

अवधूत, तुमचा मुद्दा मनाला लागला आणि मी तो झटकणार नाही. पण हवाईची गोष्ट १९९३ ला संपत नाही. त्या निकालाच्या धास्तीनेच अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, १९९६ चा केंद्रीय कायदा केला, तोच ज्याने विंडसरबाईंना कर भरायला लावला. १९९८ मध्ये हवाईच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून विषय विधिमंडळाकडे सोपवला. लायसन्स मागणाऱ्या त्या जोडप्यांना तिथे लग्न करता यायला २०१३ चा डिसेंबर लागला.

याउलट मेरी बोनॉटो बघा, बोस्टनच्या ग्लाडच्या वकील. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून जोडपी येत होती आणि त्या त्यांना परत पाठवत होत्या. आधी व्हर्मॉन्ट घेतलं, कारण तिथली राज्यघटना बदलणं अवघड. १९९९ चा निकाल आणि २००० मध्ये सिव्हिल युनियन, म्हणजे विवाहासारखी कायदेशीर मान्यता. मग मॅसॅच्युसेट्स, जिथेही घटनादुरुस्तीला विधिमंडळाच्या लागोपाठ दोन सत्रांची मंजुरी लागते. १८ नोव्हेंबर २००३ चा गुडरिज निकाल चार विरुद्ध तीन असा लागला, आणि १७ मे २००४ पासून लग्नं सुरू झाली. विरोधकांना लग्नं बंद करणारी दुरुस्ती पुढच्या टप्प्यात न्यायला दोनशेपैकी फक्त पन्नास मतं हवी होती. जानेवारी २००७ मध्ये त्यांना साठाहून जास्त मिळाली. मग मासइक्वॅलिटी या तिथल्या संघटनेचे लोक एकेका आमदाराच्या मतदारसंघातली जोडपी शोधून त्यांना आमदाराच्या भेटीला नेत राहिले. जून २००७ मध्ये विरोधकांची मतं ४५ वर आली. निकाल मिळवणं हे अर्धं काम, तो राखणं हे उरलेलं अर्धं, आणि ती तयारी बोनॉटो यांनी राज्य निवडतानाच केली होती.

२०१५ मध्ये देशभर समलिंगी विवाह कायदेशीर करणाऱ्या ओबर्गेफेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर जोडप्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या त्या याच बोनॉटो.

सदाशिव_नाशिक

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे. या विषयावर माझं मत गेल्या काही वर्षांत सौम्य झालं आहे, पुतणीमुळे. तरी एक प्रामाणिक शंका आहे. एवढा मोठा सामाजिक बदल पाच किंवा नऊ न्यायाधीशांनी करावा का? लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात झाला तर लोक तो आपला मानतील. न्यायालयाने लादला तर मनात अढी राहील.

रानजाई

काका, शंका रास्त आहे. आणि गंमत अशी की आमच्या चळवळीतल्याही अनेकांची तीच शंका होती. दोन गोष्टी सांगते. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांमधल्या विवाहांवरची बंदी रद्द केली. पुढच्या वर्षीच्या गॅलपच्या पाहणीत अशा विवाहांना फक्त २० टक्के लोकांची संमती होती. लोकांची वाट बघितली असती तर त्या जोडप्यांची नातवंडं लग्नाची झाली असती.

दुसरी, सभागृहाची वाटही संघटनांना एकजुटीशिवाय सापडत नाही. न्यूयॉर्कच्या सिनेटमध्ये २००९ साली विधेयक ३८ विरुद्ध २४ असं पडलं. २०११ मध्ये गव्हर्नर कुओमो यांच्या कचेरीने सगळ्या संघटनांना बजावलं की वेगवेगळे येणार असाल तर येऊ नका. एकच आघाडी, एकच माहितीपत्रक, एकच प्रवक्ता. त्यात रिपब्लिकन देणगीदारांनाही आणलं. २४ जूनला ३३ विरुद्ध २९ असं मंजूर झालं, चार रिपब्लिकनांच्या मतांनी. त्या चौघांपैकी बहुतेकांना पुढे राजकीय किंमत मोजावी लागली, हेही लिहून ठेवायला हवं.

मालवणी_डब्लिन

मी पंधराएक वर्षं आयर्लंडात आहे, तिथलं सांगतो. इथे भांडण आणखी तिखट होतं, कारण गाव लहान आणि सगळे एकमेकांना ओळखणारे.

ग्लेन नावाची जुनी संघटना सरकारशी बोलणी करून सिव्हिल पार्टनरशिपचा, म्हणजे विवाहाखालोखालच्या मान्यतेचा, कायदा आणायच्या मागे होती. २०१० मध्ये तो झाला, जानेवारी २०११ पासून लागू. मॅरेज इक्वॅलिटी ही संघटना आणि एलजीबीटी नॉइझचे तरुण याच्या विरोधात. त्यांचं म्हणणं, दुय्यम दर्जा एकदा स्वीकारलात की सरकार म्हणेल दिलं की तुम्हाला, आता गप्प बसा. शिवाय त्या कायद्यात जोडप्याच्या मुलांचा विचारच नव्हता. ग्लेनचं उत्तर, म्हातारी जोडपी आज मरतायत, त्यांना आज वारसाहक्क हवा. मोर्चांत एकमेकांना तोंडावर सुनावलं गेलं.

पण २०१५ च्या सार्वमताच्या वेळी ग्लेन, मॅरेज इक्वॅलिटी आणि आयरिश कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज यांनी मिळून येस इक्वॅलिटी उभी केली, आणि एकमेकांशी भांडलेल्या दोन संघटनांचे नेते, ब्रायन शीहान आणि ग्रॉन्या हीली, तिचे जोडसंचालक झाले. माझ्या मते हा त्या दोघांचा फार मोठेपणा. २२ मे रोजी ६२ टक्के मतं बाजूने. फक्त एका मतदारसंघात हार, रॉसकॉमन-दक्षिण लीट्रिम, तीही थोडक्यात. आणि मागे वळून बघितलं तर सिव्हिल पार्टनरशिपच्या चार वर्षांत गावागावांत लोकांनी असे समारंभ पाहिले, जेवणं झाली, काका-मामा नाचले. ज्या कायद्याला अर्धवट म्हटलं गेलं त्यानेच मतदार तयार केले. विरोध करणाऱ्या तरुणांनी रस्ता तापता ठेवला नसता तर ग्लेन तिथेच थांबली असती, हेही तितकंच खरं.

जाता जाता : जानेवारी २०१५ मध्ये आरटीई रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगणारे मंत्री लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा आमच्या गावाकडून मला जितके फोन आले तितके मी इथे आल्यापासून कधी आले नव्हते. त्यात लग्नाच्या प्रश्नावर एकानेही नाक मुरडलं नाही. आपला माणूस म्हटल्यावर लोक किती पटकन जवळ घेतात ते मी तेव्हा पाहिलं.

तृणपाती

सगळे विवाहावरच बोलताहेत, म्हणून लिहिते. या भांडणाचा एक पदर रणनीतीचा नव्हता, मूळ ध्येयाचाच होता. १९८९ मध्ये लॅम्डा लीगलमधलेच दोन सहकारी, टॉम स्टॉडार्ड आणि पॉला एटलब्रिक, यांनी एकाच मासिकात समोरासमोर लेख लिहिले. स्टॉडार्ड म्हणाले विवाहाचा हक्क हाच पुढचा टप्पा. एटलब्रिक म्हणाल्या की विवाहाच्या साच्यात बसणारे तेवढे सामावले जातील, बाकीचे आणखी बाहेर फेकले जातील. ती भीती फोल नव्हती. २००७ मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या विधेयकातून ट्रान्स लोकांना वगळलं गेलं. तीनशेहून जास्त संघटना त्याविरुद्ध एकवटल्या आणि सर्वांत श्रीमंत संघटना, ह्यूमन राइट्स कॅम्पेन, त्यांच्यासोबत उभी राहिली नाही. लग्नाच्या मोहिमेत ओतलेला पैसा आणि ट्रान्स लोकांच्या निवाऱ्यासाठी, कामासाठी आलेला पैसा यांची तुलना करून बघा.

आपल्याकडे २०२३ च्या सुनावणीत हा पदर होताच. बहुतेक याचिका विशेष विवाह कायद्यात बसवून घ्या म्हणत होत्या. ऋतुपर्णा बोरा आणि इतरांची याचिका वेगळी होती. त्यांचं म्हणणं होतं की आमच्यातल्या कित्येकींना धोका जन्मदात्या घरापासूनच आहे. पळून आलेल्या मुलीला पोलिस परत बापाच्या ताब्यात देतात. त्यामुळे निवडलेल्या कुटुंबाला मान्यता द्या, आणि त्या कायद्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस काढा. ती नोटीस आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांच्याही जिवावर उठते, हे महाराष्ट्रात तरी कुणाला सांगायला नको. हा मुद्दा पुढे ठेवला असता तर फुले-आंबेडकरी संघटना, स्त्री संघटना, सत्यशोधक विवाह लावणारे कार्यकर्ते आपसूक सोबती झाले असते. सरकारने 'शहरी उच्चभ्रूंचा विचार' असा शिक्का मारला तेव्हा त्याला उत्तर द्यायला ही माणसं कोर्टाबाहेर उभी दिसायला हवी होती.

अवधूत_के

तृणपाती, हे पूर्ण पटलं. नोटिशीमुळे माझ्या मामेबहिणीला मुलासकट दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन राहावं लागलं होतं.

पण सल्लामसलतीबद्दल एक विचारतो. नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध याचिका केली तेव्हाही कुणाला विचारलं नाही अशी टीका झालीच होती ना?

तृणपाती

झाली होती, आणि म्हणूनच तो दाखला महत्त्वाचा आहे. टीकेनंतर नाझचा खटला लढणाऱ्या लॉयर्स कलेक्टिव्हच्या वकिलांनी वेगवेगळ्या शहरांत संघटनांच्या बैठका घेतल्या, चर्चा पुढेही चालू ठेवल्या. व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७ ही आघाडी, ज्यात स्त्री आणि बालहक्क संघटनाही होत्या, त्याच खटल्यात स्वतंत्रपणे उतरली. नाझचा भर आरोग्यावर आणि एचआयव्हीवर होता, व्हॉइसेसने छळाची शपथपत्रं आणली. २ जुलै २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल वाचला की दोन्ही बाजू एकमेकींना पूरक ठरलेल्या दिसतात. ग्रिफिन यांच्या लोकांनी दार लावून घेतलं, आपल्या लोकांनी २००१ नंतर दार उघडलं. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला तेव्हा त्याच बैठकांतली माणसं दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर होती, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल येईपर्यंत टिकली.

२०२२-२३ मध्ये मात्र याचिका भराभर आल्या. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात पहिली, जानेवारीत उच्च न्यायालयांतल्या सगळ्या वर्ग, १८ एप्रिलला घटनापीठापुढे सुनावणी. एवढ्या अवधीत बैठका कधी होणार?

सदाशिव_नाशिक

सत्यशोधक विवाहाचा उल्लेख वाचून बरं वाटलं. माझ्या आजोबांच्या पिढीत आमच्या घराण्यात असं एक लग्न लागलं होतं, भटजीशिवाय, आणि भावकीने कित्येक वर्षं पंगतीला बोलावलं नाही. हा प्रश्न असा मांडला गेला तर माझ्या वयाच्या लोकांशी मीही बोलू शकेन. पण आता पुढे काय? निकाल तर विरोधात गेला.

रानजाई

काका, पुनर्विचार याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या, त्यामुळे न्यायालयाची वाट सध्या अरुंद आहे. पाचही न्यायाधीशांचं विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर एकमत होतं. सिव्हिल युनियनवर तीन विरुद्ध दोन असा फरक पडला, आणि सरन्यायाधीश चंद्रचूड व न्या. कौल अल्पमतात राहिले. हाती लागलं ते मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीचं आश्वासन. त्यातून ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त बँक खातं आणि नामनिर्देशन यावर बंधन नाही असा केंद्राचा खुलासा आला. रेशनकार्डावर एक कुटुंब म्हणून धरण्याच्या आणि जोडीदाराचा मृतदेह ताब्यात देण्याबद्दलच्या सूचना निघाल्या. छोट्या गोष्टी आहेत, पण आयर्लंडच्या अनुभवाने मी त्यांना छोटं म्हणायला तयार नाही.

मला मोठी वाट राज्यांची दिसते. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. तमिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून भटजीशिवाय लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली, ती आजही चालू आहे. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांची मतं मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामने विरोध कळवला होता, महाराष्ट्राने मात्र वेळ मागितला होता. सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्येच विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. म्हणजे आपल्याकडे दार पूर्ण बंद नाही. राष्ट्रपतींच्या संमतीचा अडसर आहे, मान्य. पण तोवर राज्याच्या अखत्यारीतलं खूप काही मागता येईल : सरकारी हॉस्पिटलांत जोडीदाराची सही, घरातून पळून आलेल्यांना पोलिस संरक्षण आणि निवारा, राज्य कर्मचाऱ्यांच्या विम्यात जोडीदाराचं नाव. आणि या मागण्या पहिल्यांदा तृणपाती म्हणतात त्या लोकांसोबत बसून ठरवायच्या.

किनारा

मॅसॅच्युसेट्ससारखं करायचं तर प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघातले लोक हवेत, मुंबई-पुण्याचे नाहीत. अकोल्याच्या आमदाराला अकोल्याचं जोडपं, त्यांच्या आयांसकट, भेटलं पाहिजे. इथून मी फोनचं आणि माहितीपत्रकांच्या मांडणीचं काम करू शकते, आणि या वेळी शाळेच्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहून ठेवू.

तृणपाती

मसुद्यात नोटिशीचा मुद्दा पहिल्या पानावर असेल तर मी सोबत आहे. नंतर बघू म्हणून मागे टाकणार असाल तर नाही.

रानजाई

पहिल्या पानावर. कबूल.

अवधूत_के

२८८ मतदारसंघांची यादी करूया. ठाणे जिल्ह्यातल्या अठरांची मी घेतो. सदाशिवकाका, नाशिकची तुम्ही घ्याल का? ज्यांना स्वतःचं नाव उघड करायचं नाही त्यांनी फक्त तालुका कळवला तरी चालेल.

सदाशिव_नाशिक

घेतो. पुतणीला विचारून रविवारी लिहितो.